जीवशास्त्र : उरलेला विषय की निवडलेला विषय?

(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



संस्थेच्या चिटणीसांनी मला "बारावी सायन्सनंतरचे मार्ग" या विषयावर बोलण्याची आज्ञा केली होती. एवढ्या मोठ्या विषयावर अर्ध्या तासात बोलायचे म्हणजे रेल्वेचे वेळापत्रक वाचून दाखविण्यासारखे होईल. गाड्यांची नावे तेवढी कळतील, आपण कोणत्या गाडीत बसायचे ते कळणार नाही. म्हणून मी एकच वाट घेतो. विद्यापीठात जीवशास्त्राचा विद्यार्थी म्हणून आपले नाव लागायचे असेल तर काय करावे लागते, ते नाव केव्हा लागते, आणि ते लागण्यापूर्वी आपली मुलेमुली कोठे अडखळतात, एवढेच मी सांगणार आहे. माझी सारी नोकरी प्राणिशास्त्र शिकविण्यात गेली, त्यामुळे या वाटेवरचे खड्डे मला थोडे अधिक ठाऊक आहेत.

आपल्या मोहल्ल्यातील कोणत्याही घरात "मुलगी बी ग्रुपला आहे" असे सांगा. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर होणार का?" जीवशास्त्र म्हणजे डॉक्टरकी, आणि डॉक्टरकी हुकली की जीवशास्त्रही संपले, असा हिशेब आपण मनाशी पक्का केलेला आहे. हा हिशेब आकड्यांवर ताडून पाहा. २०२४ साली नीटच्या परीक्षेला सुमारे २३ लाख ३३ हजार विद्यार्थी बसले. देशभरातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत होत्या. जालन्यात त्याच वर्षी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ही आनंदाची गोष्ट आहे, परंतु त्याची पहिली तुकडी १०० जागांची होती, आणि त्या जागाही अखिल भारतीय व राज्य पातळीवरच्या गुणवत्तेने भरतात. म्हणजे शंभर मुले परीक्षेला बसली तर त्यांतील सुमारे पंचाण्णव मुलांना एमबीबीएस मिळणार नाही, हे परीक्षेपूर्वीच ठरलेले आहे. ही पंचाण्णव मुले नालायक नसतात. त्यांतील कितीतरी मुलांना पान, फूल, किडा, रक्त, रोग यांविषयी खरे कुतूहल असते. पण एक वर्ष रिपीट, दुसरे वर्ष रिपीट असे करून ती जेव्हा बी.एस्सी.च्या खिडकीपाशी येतात तेव्हा उरलेले उचलायला आल्यासारखी येतात. लिपिक विचारतो, "विषय कोणते?" मुलगा म्हणतो, "जे असतील ते द्या."

"जे असतील ते द्या" असे म्हणून पूर्वी निभावत होते. आता निभावत नाही.

पूर्वी आपल्या मराठवाडा विद्यापीठात बी.एस्सी.ला तीन विषय असत, तिन्ही वर्षे असत आणि तिन्हींचे वजन सारखे असे. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हा जीवशास्त्राच्या मुलांचा ठरलेला संच. अशा मुलाला "तुझा मुख्य विषय कोणता?" असे विचारले तर तो गोंधळे, कारण त्याला मुख्य विषय नसेच, तो एम.एस्सी.च्या वेळी ठरे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ही रचना बदलली. शासनाच्या २०२४ च्या सुधारित आराखड्याप्रमाणे पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांतील एक मुख्य म्हणून, म्हणजे मेजर म्हणून, लिहून द्यायचा आणि दुसरा गौण, म्हणजे मायनर, ठरवायचा. तिसऱ्याची रजा घ्यायची. पुढच्या वर्षांतील श्रेयांकांचा मोठा वाटा त्या एका मुख्य विषयाचा असतो. पदवीवर तुमची ओळख त्या विषयाची होते.

आता यातली मेख पाहा. मुख्य विषय दुसऱ्या वर्षी जाहीर करायचा असला तरी तो पहिल्या वर्षी घेतलेल्या तिघांपैकीच असावा लागतो. म्हणजे निवड कागदावर दुसऱ्या वर्षी होते आणि प्रत्यक्षात बारावीनंतरच्या जून-जुलैत, त्या खिडकीपाशी होऊन गेलेली असते. ज्या मुलाने त्या दिवशी "जे असतील ते" घेतले, त्याच्यापुढे वर्षाने पर्यायही "जे असतील ते" एवढेच उरतात.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडच्या अर्जावर "जीवशास्त्र" नावाचा चौकोन बहुधा नसतोच. बारावीपर्यंत जो एक विषय होता तो पदवीला फुटतो : वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, जीवरसायनशास्त्र, कोठे मत्स्यशास्त्र. प्रत्येक महाविद्यालयात हे सारे नसते. जालना शहरात जे.ई.एस. महाविद्यालय आहे, बारवाले महाविद्यालय आहे. भोकरदनला मोरेश्वर महाविद्यालय आहे. प्रत्येकाचे विषयसंच निराळे. प्रवेश घेण्यापूर्वी तेथे जाऊन विचारा की, हा विषय मला तिसऱ्या वर्षापर्यंत मुख्य म्हणून मिळेल का? त्याला पूर्णवेळ शिक्षक किती? गेल्या वर्षी तो मुख्य म्हणून किती मुलांनी घेतला? एखाद्या विषयाला मुलेच मिळाली नाहीत तर तो मुख्य म्हणून चालविणे महाविद्यालयाला जड जाते, आणि मग तुम्हाला दुसरीकडे वळविले जाते. हे प्रश्न विचारायला संकोच वाटतो, मला कळते. पण शेरवानीचे कापड घेताना आपण दुकानदाराला दहा प्रश्न विचारतो. मुलाच्या तीन-चार वर्षांसाठी तीन प्रश्न विचारायला हरकत नसावी.

हा मुख्य-गौणाचा प्रकार मूळ आपला नाही. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत मुलगा प्रवेश घेतो तेव्हा त्याच्या नावापुढे विषयच नसतो. एक-दोन वर्षे तो निरनिराळे अभ्यासक्रम करतो आणि साधारणपणे दुसरे वर्ष संपेपर्यंत आपला मेजर जाहीर करतो. जीवशास्त्राला तेथे गर्दी असते. म्हणून पुष्कळ ठिकाणी नुसते जाहीर करून भागत नाही. प्रास्ताविक जीवशास्त्र, रसायनशास्त्र, थोडे गणित किंवा संख्याशास्त्र या अभ्यासक्रमांत ठराविक श्रेणी मिळाली तरच विभाग दार उघडतो. गंमत अशी की जीवशास्त्राच्या दारात मुले अडखळतात ती बहुधा रसायनशास्त्राच्या उंबऱ्यावर. आपल्याकडे असा उंबरा बांधलेला नाही, म्हणून आपण समजतो की तो नाहीच. तो आहे, फक्त पुढे, एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेत आहे, जेथे परत फिरण्याची सोय नसते.

म्हणून माझा पहिला आग्रह हा की, जीवशास्त्रातला कोणताही विषय मुख्य घ्या, पण रसायनशास्त्र पहिल्या वर्षी सोडू नका आणि जमल्यास गौण म्हणून शेवटपर्यंत ठेवा. "रसायन अवघड जाते, त्याऐवजी सोपा विषय घेतो," असे मुले म्हणतात. त्यांना मी आपल्याच शेतातले उदाहरण देतो. बीटी कपाशीला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली, आणि ते वाण आणण्यात जालन्याच्या महिको कंपनीचा हात होता. या कपाशीत एका जिवाणूचे जनुक घातलेले असते. त्यामुळे झाड एक प्रथिन तयार करते. बोंडअळीने ते खाल्ले की तिच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात ते कामाला लागते, आतड्याच्या पेशींवरील ठराविक जागी जाऊन चिकटते आणि पेशी फोडते. आपले जठर आम्लधर्मी, आपल्या आतड्यात ती चिकटण्याची जागा नाही, म्हणून आपल्याला ते बाधत नाही. पुढे काय झाले? काही गुलाबी बोंडअळ्यांमध्ये ती चिकटण्याची जागाच बदलली. त्या वाचल्या, त्यांची प्रजा वाढली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर शेतकऱ्यांनी उभ्या कपाशीवर नांगर फिरविले. आता सांगा, यात प्राणिशास्त्र कोठे संपले आणि रसायनशास्त्र कोठे सुरू झाले? आणि किती अळ्यांत हा बदल झाला, तो किती वेगाने पसरला, हे मोजायला संख्याशास्त्र लागतेच.

वनस्पतिशास्त्र घ्यावे की प्राणिशास्त्र, हे मला पुष्कळ जण विचारतात. याचे शास्त्रशुद्ध उत्तर नाही. ज्या विषयाचे प्रात्यक्षिक संपल्यावरही तुम्ही पाच मिनिटे टेबलाजवळ रेंगाळता, तो घ्या. मुली प्राणिशास्त्राला भितात ते बेडूक फाडावा लागेल म्हणून. ही भीती जुनी झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली महाविद्यालयांतील प्राण्यांचे विच्छेदन बंद करण्याचा निर्णय घेतला. आता तक्ते, प्रतिकृती, संगणक आणि तयार काचपट्ट्या यांवर काम चालते. माझ्यासारख्या जुन्या माणसाला त्यात काही उणे वाटते, पण बेडकांना वाटत नसणार.

आता पात्रतेविषयी. साध्या बी.एस्सी.साठी बारावी विज्ञान उत्तीर्ण असावे लागते. नीटच्या गुणांचा तेथे संबंध नाही, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. नीट कमी गेली म्हणून मूल घरी बसवून ठेवतात, आणि महाविद्यालयाचे प्रवेश निघून जातात. नीटच्या फेऱ्या पुढे पावसाळाभर चालतात, तोवर बी.एस्सी.चा अर्ज भरून ठेवावा. ज्यांनी बारावीला जीवशास्त्र न घेता गणित घेतले आहे त्यांनी वनस्पति-प्राणिशास्त्र मिळेल का हे महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे, तोंडी आश्वासनावर जाऊ नये. आणि प्रवेश मिळाल्यावर खरी पात्रता पहिल्या दोन सत्रांत ठरते. एटीकेटीचे ओझे घेऊन मुख्य विषय निवडणारा मुलगा विषय निवडीत नाही, कोणत्या विषयात तो सुटला आहे एवढेच पाहतो. प्रात्यक्षिकाची वही वेळेवर सही करून घेणे, तासिकांची हजेरी, अंतर्गत चाचणी या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण गुणपत्रिकेत त्यांचा भरणा मोठा असतो.

चौथ्या वर्षाचे नवे प्रकरणही समजून घ्या. तीन वर्षांत पदवी मिळते. चौथे वर्ष केले तर ऑनर्स पदवी मिळते. चौथ्या वर्षी संशोधन करावयाचे असेल तर आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असावे लागतात. म्हणजे संशोधनाचा दरवाजा पहिल्या सत्राच्या पहिल्या पेपरापासून मोजायला सुरुवात करतो.

ज्यांची तयारी चांगली आहे त्यांच्यासाठी आणखी एक वाट सांगतो, कारण आपल्या भागात ती फार थोड्यांना माहीत आहे. पुण्याला २००६ साली भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, लोक जिला आयसर म्हणतात, ती स्थापन झाली. तेथे पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे. सुरुवातीला सर्वांना भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र हे सारे शिकावे लागते आणि नंतर ज्याला जिकडे ओढ असेल तिकडे तो वळतो. प्रवेश आयसरच्या स्वतःच्या अभिवृत्ती परीक्षेतून होतो. तिला बसण्यासाठी बारावीला भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र यांपैकी निदान तीन विषय असावे लागतात. बी ग्रुपची मुलगी तेव्हा पात्र ठरते. प्रश्नपत्रिकेत चारही विषयांचे पंधरा-पंधरा प्रश्न असतात, त्यामुळे गणित सोडलेल्यांनी अकरावीचे पाठ्यपुस्तक तरी सोडवून जावे. नीटचा अभ्यास ज्याने मनापासून केला आहे त्याचा निम्म्याहून अधिक अभ्यास या परीक्षेसाठी झालेलाच असतो. फक्त अर्ज भरायचे राहून जाते.

यानंतर मला उर्दू माध्यमाच्या मुलांशी थोडे बोलावयाचे आहे, कारण या सभागृहात त्यांची संख्या मोठी आहे. तुम्ही दहावीपर्यंत पेशीला खुलिया म्हणता, तिच्या केंद्रकाला मरकजा म्हणता, प्रकाशसंश्लेषणाला जियाई तालीफ म्हणता. हे शब्द कमी दर्जाचे नाहीत. आपला हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, आणि तेथे विज्ञानाचे उच्च शिक्षण उर्दूतून देण्यासाठी भाषांतराचा मोठा विभाग काम करीत होता. त्या परंपरेतले हे शब्द आहेत. मराठी माध्यमाच्या मुलाचीही अडचण हीच असते, तो पेशी आणि केंद्रक घेऊन येतो. अकरावीच्या पहिल्या दिवशी दोघांच्याही पुढ्यात सेल आणि न्यूक्लिअस येऊन पडतात. पण मराठीवाल्याला निदान शिक्षकाचे स्पष्टीकरण कळते. उर्दूवाल्याला पुस्तक इंग्रजी, शिक्षक मराठीत समजावणार, आणि डोक्यातले शब्द उर्दू, अशी तीन घरांची ये-जा करावी लागते. या ये-जा करण्यातच सहा महिने जातात, आणि हुशार मूल समजते की आपल्याला विज्ञान जमत नाही. त्याला विज्ञान जमत असते, शब्द जमत नसतात. दहावीची परीक्षा संपल्यापासून अकरावीची घंटा होईपर्यंत जे दोन-तीन महिने मिळतात त्यांत एक दोनशे पानी वही करा. एका रांगेत तिन्ही भाषांतले शब्द आणि शेजारी लहानशी आकृती काढा. आकृतीला भाषा लागत नाही. रोज दहा शब्द झाले तरी जूनपर्यंत पाच-सहाशे होतात. शिक्षकांना माझी विनंती आहे की, शाळेने हे काम सुट्टीतील वर्ग म्हणून अंगावर घ्यावे. त्याला ना इमारत लागते ना अनुदान.

पदवीचे महत्त्व सांगताना एका थोर माणसाचे उदाहरण मला नेहमी उलट्या बाजूने ऐकावे लागते. डॉ. सलीम अली यांच्याकडे विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती, तरी ते जगप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ झाले, मग पदवी हवी कशाला, असे लोक म्हणतात. ही कहाणी नीट वाचली पाहिजे. १८९६ साली मुंबईत जन्मलेल्या या माणसाने व्यापारी शिक्षणाच्या जोडीने सेंट झेवियर कॉलेजात फादर ब्लॅटर यांच्या सांगण्यावरून प्राणिशास्त्राचे वर्ग केले. ज्ञान आले, पदवीचा कागद मात्र आला नाही. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामध्ये पक्षितज्ज्ञाची जागा निघाली तेव्हा केवळ त्या कागदापायी ती त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी लागली. पुढे रजा काढून ते बर्लिनला शिकायला गेले, आणि परत येऊन पाहतात तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. मग अलिबागजवळच्या किहीम गावी राहून त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा जो अभ्यास केला तो गाजला. त्यानंतर १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला जालना त्या वेळी त्याच संस्थानात होता.

या कहाणीत लोकांना बिनपदवीचा विजय दिसतो. मला त्यात बेकारीची वर्षे दिसतात, जी एका कागदाने वाचली असती. ज्यांच्या घरी थोडी पुंजी आणि पाठीशी माणसे होती त्यांनी ती वर्षे काढली. भाजीच्या गाड्यावर किंवा स्टीलच्या कारखान्यात राबणाऱ्या बापाच्या मुलाला तशी वर्षे काढणे परवडणारे नाही. तेव्हा ज्ञान सलीम अलींसारखे मिळवावे, आणि कागदही घ्यावा.

"पुढे काय?" हा पालकांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला गोड उत्तर देणे मला जमणार नाही. नुसत्या बी.एस्सी.वर चांगली नोकरी क्वचित मिळते. शिक्षकाच्या जागा थोड्या आहेत, बी.एड. आणि त्यापुढे टीईटी-टीएआयटीच्या परीक्षा आहेत. एम.एस्सी.साठी छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, विद्यापीठाचे विभाग आहेत, डॉ. रफिक झकेरिया यांनी उभे केलेले मौलाना आझाद महाविद्यालय आहे. बाहेरच्या नामांकित संस्थांसाठी जॅमची परीक्षा आहे, पण तीत वनस्पति-प्राणिशास्त्राचा वेगळा पेपर नाही, जैवतंत्रज्ञानाचा आहे, आणि त्यात रसायन, गणित, भौतिकही विचारतात. उंबरा पुढे आहे असे मी मघाशी म्हणालो तो हाच.

पण "जालना सोने का पालना" म्हणतात त्या गावात बसून जीवशास्त्राला काम नाही असे म्हणणे मात्र मला पटत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको सुरू केली, आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यानंतर बियाण्यांच्या कितीतरी कंपन्या येथे उभ्या राहिल्या. जाफराबादकडे आणि शेजारच्या देऊळगावराजाकडे शेडनेटमध्ये भाज्यांचे संकरित बियाणे तयार होते. कपाशीच्या सीड प्लॉटवर संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढून सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावणारे हात मुख्यतः बायकांचे आणि मुलींचे असतात. ते त्याला क्रॉसिंग म्हणतात. हे काम करणाऱ्या मुलीला फुलाचे अवयव आमच्या कित्येक विद्यार्थ्यांपेक्षा चांगले कळतात. तिला विद्यापीठातल्या पुस्तकात तेच फूल दाखविणारे कोणी भेटत नाही एवढेच. याशिवाय बियाण्यांची उगवणशक्ती व आनुवंशिक शुद्धता तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, मोसंबीच्या बागांचे रोग आहेत, २०१८ पासून जालन्याच्या बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी-विक्री होते आणि त्यामागे तुतीची पाने खाणाऱ्या अळ्यांचे सारे शास्त्र आहे. मात्र एक स्पष्ट सांगतो. कंपन्यांतील वाण तयार करणाऱ्या वरच्या जागा बहुधा कृषी पदवीधरांकडे जातात. त्याच कामाची ओढ असेल तर सीईटी देऊन परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची वाट धरावी. बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र आणि बी.एस्सी. कृषी या दोन निराळ्या पदव्या आहेत. नावातल्या सारखेपणाने फसू नये.

शेवटी मुलींच्या पालकांशी. नव्या धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. त्यासाठी काही जादा श्रेयांकांचे काम करावे लागते, तीन वर्षांत परत येता येते, आणि सारा अभ्यासक्रम सात वर्षांत पुरा करता येतो. ज्याच्यावर आजारपण किंवा कमाईची पाळी आली त्याच्यासाठी ही सोय चांगली आहे. माझी धास्ती निराळी आहे. आपल्या घरांत मुलीसाठी चांगले स्थळ आले की "एक वर्ष झाले, प्रमाणपत्र मिळाले, आता पुरे" असे म्हणायला या सोयीने एक कागदी निमित्त दिले आहे. पूर्वी निदान "शिक्षण अर्धवट राहिले" अशी रुखरुख लागे. आता हातात कागद असल्यामुळे तीही लागणार नाही. ज्या वर्षी मुख्य विषयाला सुरुवात होते त्याच वर्षी मुलगी बाहेर पडली, तर तिने जीवशास्त्र नावाला घेतले, शिकले मात्र नाही. अब्बांनी आणि अम्मींनी निकाह ठरवावा, तो त्यांचा अधिकार आहे; पण बोलणीच्या वेळीच तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेची तारीख समोरच्या घराला सांगून टाकावी. पुष्कळ घरे मान्य करतात, असा माझा अनुभव आहे. विचारलेच जात नाही, म्हणून नकार गृहीत धरला जातो. खेड्यातून येणाऱ्या मुलींची दुसरी अडचण प्रात्यक्षिकाची. ते दुपारी उशिरापर्यंत चालते आणि एस.टी. थांबत नाही. चार-पाच मुली मिळून प्राचार्यांकडे गेल्या तर प्रात्यक्षिकाची तुकडी सकाळची मिळू शकते. एकटीचा अर्ज मात्र टेबलावर पडून राहतो.

खर्चाचे थोडक्यात. मुलींच्या शुल्कमाफीचा २०२४ चा जो शासन निर्णय गाजला तो व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे, बी.एस्सी.ला तो गृहीत धरू नये. बागवान, अत्तार, मोमीन, तांबोळी अशा ज्या बिरादऱ्या इतर मागास वर्गाच्या यादीत आहेत त्यांनी जातीचा दाखला व नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र निकालाची वाट न पाहता काढून ठेवावे.

आणि एक अगदी कारकुनी बाब, जिच्यावर दरवर्षी अश्रू ढाळले जातात. आता श्रेयांक जमा होतात ते एका राष्ट्रीय श्रेयांक पेढीत, आणि तेथील खाते आधारवरच्या नावाने उघडते. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर "शेख" आधी असते, आधारवर शेवटी असते, आणि त्याचे इंग्रजी स्पेलिंग एका घरात चार प्रकारचे असते. कोठे वडिलांचे नाव मध्ये आहे, कोठे नाहीच. संगणकाला ही चारही माणसे निराळी वाटतात. शाळेचा दाखला, आधार आणि दहावीचा परीक्षा अर्ज या तिन्हींवर नाव एकाच क्रमाने आणि एकाच स्पेलिंगने आहे की नाही, हे तुम्ही मुलगा नववीत असतानाच पाहा. दहावीचा अर्ज भरण्यापूर्वी ही दुरुस्ती शाळेच्या कार्यालयात होते. त्यानंतर मंडळाच्या विभागीय कार्यालयात छत्रपती संभाजीनगरपर्यंत खेटे घालावे लागतात.